दशमांशाचा तक्ता

५ जानेवारी, रविवार

उपासना झाल्यावर पाळकांनी मला थांबवून घेतलं. चहाचा कप हातात दिला आणि म्हणाले, "तुमच्याएवढा काटेकोर माणूस आपल्या मंडळीत दुसरा नाही. दशमांशाचं काम तुम्ही हातात घ्या."

मंडळीत चौऱ्याऐंशी घरं. नियमाने काही ना काही देणारी चाळीस. मिळकतीचा खरा दहावा भाग देणारी अकरा, आणि त्यात एक आमचं. छप्पर तीन ठिकाणी गळतं, वेदीच्या डाव्या बाजूला बादली ठेवून उपासना करतो. पाळकांचा पगार तीन महिने थकलाय, हे त्यांनी स्वतः कधी काढलं नाही. मला खजिनदाराकडून कळलं.

मी हो म्हणालो. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात काढली. दुकानदार मला पाठीमागे 'काटा' म्हणायचे. एक काटा दुकानात आणि एक पायात, असा विनोद होता त्यांचा. मला त्याचं वाईट वाटलं नाही कधी. मापात पाप असतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं मेण पाहिलंय.

घरी येऊन हिला सांगितलं. ही कुणाच्यातरी पँटची मुडप घालत होती. "लोकांच्या घरी जावं लागेल का?" म्हणाली.

"जावं लागेल."

"मग चप्पल जरा मजबूत घ्या."

१२ जानेवारी, रविवार

कमिटीची बैठक. तीन तास 'दहावा भाग कशाचा' यावर गेले. कर कापून हातात येणाऱ्या पगाराचा की आधीच्या? शाळामास्तर म्हणाले, जे हातात आलंच नाही त्याचा दहावा भाग कसा काढायचा. मी म्हणालो, देवाच्या आधी सरकारला वाटा दिला तर पहिलं फळ कुणाला मिळालं? 

आमच्या खात्यात एक ॲडव्हेंटिस्ट पंथाचा गृहस्थ होता. पगार मिळाला की आधी न कापलेल्या रकमेचा दशमांश बंद पाकिटात, आणि त्यावर वेगळं अर्पण. कुणी विचारायचं नाही, त्यानं सांगायचं नाही. त्या माणसाकडे मी कायम आदरानं पाहत आलो. उलट माझा मेहुणा पेंटेकॉस्टलवाल्यांत जातो, त्याला पैसे द्यायचे म्हणजे बियाणं पेरायचं असतं, शंभरपट उगवून यायला हवं. ती लॉटरी झाली. आणि कॅथलिकांचं तर सरळच, वर्षाला घरटी ठरावीक रक्कम, बाकी थैलीत मनाला येईल ते. आपण आहोत तिथे निदान माप तरी असावं.

ठरलं ते असं: पूर्ण मिळकतीचा दहावा भाग. दर सहा महिन्यांनी भिंतीवर तक्ता. रकाने तीन, 'पूर्ण', 'अपूर्ण', 'निरंक'. कमिटीवर असलेल्या निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, "नावं भिंतीवर कशाला?" मी म्हणालो, दुकानात वजनाचा दाखला दर्शनी भागात लावायचा कायदा आहे. प्रामाणिक माणसाला त्याची भीती वाटत नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

ही अकरा दिवस घरी नव्हती. स्त्री मंडळातली कुणी आजारी आहे, तिच्याजवळ राहायला बाई हवी, असं नर्सबाईंनी सांगितलं म्हणे. मी अडवलं नाही. सेवा ही सेवाच. भात करपवायचं मात्र शिकलो.

आज परत आली. चेहरा ओढलेला, पण डोळ्यांत काहीतरी वेगळंच. खांद्यावर पांढरट डाग होते, रोग्याचं औषध सांडलं असेल. जेवताना म्हणाली, "एक विचारू?" मी म्हणालो, विचार. मग म्हणाली, "भात बरा झालाय."

९ फेब्रुवारी, रविवार

घरभेटी सुरू. आज न्हाव्याकडे गेलो. दुकानात दोन खुर्च्या, एकीचा पाय वीट लावून सरळ केलेला. मी तक्ता दाखवला. त्यानं हात पुसले आणि म्हणाला, "साहेब, माझा दशमांश मी देतो की. दर दहावं डोकं देवाचं. त्याचे पैसे घेत नाही."

"असं चालत नाही. दशमांश भांडारात यायला हवा. शास्त्रात तसंच आहे."

"भांडारात केस घेऊन येऊ?"

मी हसलो नाही. त्याला नीट समजावलं, की कुणाला द्यायचं हे ठरवण्याचा हक्क आपला नाही. आपण मंडळीत द्यायचं, मंडळी वाटते. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "मागच्या महिन्यात तुमचंच डोकं दहावं आलं होतं. सुटे नाहीत, पुढच्या वेळी द्या म्हणालो, ते त्यासाठी."

ते पैसे मी तिथल्या तिथे काढून दिले. त्याचं नाव 'अपूर्ण'मध्ये.

२ मार्च, रविवार

मनाला लागेल अशी गोष्ट. हिची वही मी दर महिन्याला पाहतो. शिवणाचे पैसे ही त्यात लिहिते आणि दहावा भाग पाकिटात घालून माझ्याकडे देते. लग्नापासून कधी चुकलं नाही. फेब्रुवारीचं पाकीट नाही. काम मात्र दुप्पट झालंय, उजाडायच्या आत मशीनचा आवाज सुरू होतो.

"पाकीट?"

"दिलं मी. सेवेत."

"कुणाला? पावती?"

"सेवेची पावती नसते."

"मग ती नोंदही होत नाही."

हिनं दाताने दोरा तोडला. "नाही होत तर नको होऊ दे."

बत्तीस वर्षांत असं उत्तर पहिल्यांदा. हिचा रक्तदाब तपासून घ्यायला हवा.

९ मार्च, रविवार

साहाय्य निधीबद्दल माझी सूचना कमिटीनं एकमताने मान्य केली. जमलेल्या रकमेतला काही भाग गरजूंसाठी असतो. पूर्वी काय व्हायचं, ज्याचा मामा कमिटीत त्याचा अर्ज मंजूर. आता अर्जावरची सगळी नावं शिफारस करणाऱ्यानंच कागदाची पट्टी चिकटवून झाकायची आणि फक्त हकिकत वाचायची. निकाल लागल्यावरही पट्टी काढायची नाही. वर्षाच्या तपासणीलाच काढायची. मंजुरीचे पैसे शिफारस करणाऱ्यानं खजिनदाराकडून न्यायचे.

पाळक म्हणाले, "हे फार सुंदर आहे." नर्सबाई माझ्याकडे बराच वेळ पाहत होत्या. घरी हिला सांगितलं तेव्हा तीही तशीच पाहत राहिली. मग तिनं दोनदा विचारलं, "म्हणजे नाव कुणालाच कळत नाही? तुम्हालासुद्धा?"

"मलासुद्धा," मी म्हणालो. मला त्याचा अभिमान वाटला, कबूल करतो.

१६ मार्च, रविवार

तीन अर्ज आले. शाळामास्तरांनी वाचले. पहिला, एका विधवेच्या घराचं भाडं. मंजूर. दुसरा, एकाला दुचाकी दुरुस्त करायची होती. नामंजूर, त्यावर कुणाचंच दुमत नव्हतं.

तिसरा एका बाळाचा. आठ आठवड्यांची मुलगी, जन्मतः एका डोळ्यात मोतीबिंदू. वडील रोजावर कामाला, दुसऱ्या पंथाचे. आई आपल्याकडची होती, लग्नानंतर तिकडे गेली. सरकारी हॉस्पिटलात चार महिन्यांनी नंबर आहे. खासगी ठिकाणी लगेच होईल, पण एवढे पैसे नाहीत.

मी म्हणालो, वाईट वाटतं, पण निधी देणाऱ्या सभासदांसाठी आहे. दोघंही सभासद नाहीत. त्यांनी त्यांच्या चर्चमध्ये अर्ज करावा.

"केला," नर्सबाई म्हणाल्या. "तिथून थोडे मिळाले, ते खाली लिहिलंय. पुरत नाहीत. आणि हे चार महिने थांबण्यासारखं नाही. एवढ्या लहान बाळाच्या डोळ्यात उजेड गेला नाही, तर मेंदू त्या डोळ्याला ओळखायचं सोडून देतो. मग ऑपरेशन करा नाही तर करू नका."

"नियम?"

"पुदिना आणि जिऱ्याचाही दहावा भाग मोजून देणारे लोक होते. त्यांना प्रभूकडून काय ऐकून घ्यावं लागलं, ठाऊक आहे ना?"

मी तो उतारा तिथेच उघडून वाचला. न्याय आणि दया सोडू नका म्हटलंय खरं, पण दशमांशही सोडू नका असंच म्हटलंय. तसं मी दाखवून दिलं. शाळामास्तरांनी मान डोलावली.

 पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "वजन एक तर खरं असतं नाही तर खोटं. आज एकाला थोडं झुकतं माप दिलं, की उद्या काट्याला अर्थ उरत नाही." हात वर झाले. चार विरुद्ध दोन. अर्जावर मी 'अमान्य, सभासद नाही' असं लिहून सही केली.

घरी आल्याबरोबर हिनं विचारलं, आज काय काय झालं. ही कधी विचारत नाही. मला बरं वाटलं. मी तिन्ही अर्ज सांगितले. तिसऱ्याचं तिनं सगळं खोदून विचारलं, कोण काय म्हणालं, पाळक काय म्हणाले, तुम्ही काय म्हणालात. मी जसंच्या तसं सांगितलं, वजनाचंसुद्धा.

हिनं मशीनवर झाकण घातलं. खाली अर्धी लावलेली चेन तशीच होती. "डोकं दुखतंय," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. दुपारचे चार वाजले होते.

१३ एप्रिल, रविवार

छपराचं काम पुरं झालं. नवे पत्रे, निळसर रंगाचे. बादली आत नेऊन ठेवली. पाळकांचा थकलेला पगार दिला. त्यांच्या बायकोनं दारात येऊन माझे हात धरले. पूर्ण दशमांश देणारी घरं अकरावरून एकोणतीस. ज्यांना हा तक्ता म्हणजे छळ वाटतो, त्यांनी वर मान करून पाहावं.

८ मे, गुरुवार

हिच्या हातात तिच्या आईच्या बांगड्या दिसल्या नाहीत. विचारलं तर म्हणाली, "ढिल्या झाल्या होत्या, काढून ठेवल्या." खरंच बारीक झालीय. मी डॉक्टरकडे चल म्हटलं, तर म्हणाली, डॉक्टर बघून बघून कंटाळा आला. हिला कुठला डॉक्टर लागला होता?

२८ मे, बुधवार

ही त्या आजारी बाईसाठी दोन दिवस हॉस्पिटलात होती. विचारलं, कशी आहे? "उशीर झाला म्हणतात," एवढंच बोलली. मी म्हणालो, देवाची इच्छा. हिनं ताट उचललं आणि आत गेली. माझं जेवण अर्धं व्हायचं होतं.

५ जुलै, शनिवार

सहामाही तक्ता तयार. तीनदा तपासला.

हिचं नाव 'निरंक'मध्ये येतं. पहिल्या तक्त्याचा हिशेब फेब्रुवारीपासून धरलाय, आणि तेव्हापासून एक पाकीट नाही. पाळक घरी आले होते, त्यांनी पाहिलं आणि हळूच म्हणाले, "घरच्यांचं राहू द्या. तुमच्या नावाखाली धरा." मी म्हणालो, घरच्यांसाठी वेगळा काटा ठेवला तर बाहेर काय तोंड दाखवू?

रात्रभर हिला सांगावं का असा विचार येत राहील. पण न्हाव्याला आधी सांगितलं नव्हतं.

६ जुलै, रविवार

तक्ता लावला. उपासनेनंतर त्याच्यापुढे गर्दी झाली. ही आली तसे लोक बाजूला सरकले, त्यामुळे तिला सरळ समोर जाता आलं. तिनं वाचलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं. मागे उभा असलेला न्हावी मला म्हणाला, "साहेब, तुम्ही खरे." त्याच्या आवाजात काय होतं मला कळलं नाही.

घरी येऊन हिनं स्वयंपाक केला, मला वाढलं, भांडी घासली. मग पिशवी भरायला घेतली. दोन कपडे, चष्म्याचं घर, शिवणाची कात्री.

"कुठे?"

"मुलीकडे."

पाच वर्षांत हा शब्द या घरात कुणी उच्चारला नव्हता. तिनं त्या बेकरीवाल्या कॅथलिक पोराशी लग्न केलं तेव्हा मी गेलो नाही, हिलाही जाऊ दिलं नाही, असं मी समजत होतो. तो एकदा पाया पडायला आला होता. मी दार उघडून परत लावलं होतं.

"तिला मुलगी झालीय जानेवारीत," ही म्हणाली. "तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. दोघं कामावर जातात, बाळाजवळ माणूस हवं. मी इतके दिवस येऊन-जाऊन केलं. आता तिथेच राहते."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तीनदा तोंड उघडलं होतं. भाताचं बोलून मिटलं."

मी म्हणालो, तक्त्याचा राग आला असेल तर समजू शकतो, पण नियम. तिनं हात वर केला, लहान मुलाला गप्प करतात तसा. "तक्त्याचा नाही राग," म्हणाली. "खरंच निरंक आहे मी. काही शिल्लक नाही."

मशीन नेलं नाही. जड आहे, जावई येऊन नेईल म्हणाली.

९ जुलै, बुधवार

घरात फक्त पावलांचे आवाज येतात. माझेच असतात. बाळाच्या डोळ्याला काय झालं होतं, हे विचारायचं राहून गेलं.

२० जुलै, रविवार

मशीन नेलं. जावई आला नाही, हातगाडीवाल्याला पाठवलं होतं.

१० ऑगस्ट, रविवार

कमिटीनं वर्षाच्या मध्येच तपासणी करायचं ठरवलं, कारण दुचाकीवाल्यानं पक्षपाताची तक्रार केलीय. साहाय्य निधीचे अर्ज पट्ट्या काढून फायलीत लावायचे होते. दुपारी जेवणाच्या टेबलावर घेऊन बसलो. ओल्या फडक्यानं पट्टी भिजवायची, थोडं थांबायचं, एका कोपऱ्यापासून उचलायची. खात्यात असताना वजनांवरची खोट्या शिक्क्याची चिठ्ठी काढायचो तशी.

पहिली काढली. दुसरी काढली.

तिसऱ्या अर्जावर तीन पट्ट्या होत्या. बाळाच्या आईच्या नावावरची निघाली तेव्हा मला वाटलं, नाव सारखं असेल. वडिलांच्या नावावरची निघाली. मग शिफारस करणाऱ्या सभासदाच्या सहीवरची काढली. हिची सही. शेवटच्या अक्षराखाली ती आडवी रेघ ओढते, कपड्यावर खडूनं खूण करावी तशी.

हकिकतसुद्धा हिच्याच अक्षरात होती. वाचली होती शाळामास्तरांनी. मी फक्त ऐकली होती. सही करताना कागद माझ्या हातात होता, पण मी तळाशी पाहत होतो, सही कुठे करायची ते.

'अमान्य, सभासद नाही.' माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

११ ऑगस्ट, सोमवार

कालचं परत वाचलं. त्यात मी असं लिहायला हवं होतं की मला माहीत असतं तर मी मंजूर केला असता. रात्रीपासून ते वाक्य जुळवतोय. खरं तर माहीत असतं तर मी आणखी जोरात नाही म्हणालो असतो. आपलं माणूस म्हणून. सगळ्यांना दिसावं म्हणून.

आणि ते बाळ दुसऱ्या कुणाचं असतं, तर आज मी या टेबलाशी आरामात बसून चहा घेतला असता. ही गोष्ट जास्त वाईट आहे. ती मला काल सुचलीसुद्धा नव्हती.

१७ ऑगस्ट, रविवार

उपासनेला गेलो नाही. दुपारी पाळकांकडे गेलो, दशमांशाची वही आणि पेटीच्या किल्ल्या ठेवल्या. सगळं सांगितलं. त्यांना धक्का बसला, तो खरा होता. 

मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. का पाहिलंत?"

"तुम्ही हो म्हणालात तर मी हो म्हणणार होतो," ते म्हणाले. "नाही म्हणालात तर नाही. माझ्या घरात तीन महिने पगार नव्हता. छपराचे पैसे जुळत आले होते. मला वाटलं, हा नाही म्हणतोय ना, मग मी वाईट ठरत नाही."

निदान खरं बोलले. मला त्यांचा राग करता आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी प्रार्थना करूया म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत बसलो.

बाहेर नर्सबाई भेटल्या. "तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणालो.

"हो."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तिनं शपथ घातली होती. पण बोलले असते तर तुम्ही बैठकीतून उठून बाहेर बसला असतात, पक्षपात नको म्हणून. तेवढा वेळ तरी विरुद्ध हात वर करायला एक माणूस कमी असता. मी रोज तो हिशेब करते." त्या काठी टेकत निघून गेल्या.

२ सप्टेंबर, मंगळवार

गेलो.

बेकरीच्या मागच्या गल्लीत, दुसरा मजला. जिन्याला कठडा एकाच बाजूला. बँकेतून जेवढं निघालं तेवढं काढून पाकिटात घेतलं होतं. मुलीनं दार उघडलं. केस आखूड केलेत. तिनं मला ओळखायला वेळ लावला नाही, पण बाजूला व्हायला लावला.

"या, बसा," म्हणाली. परक्याला म्हणतात तसं.

एकच खोली, पडदा लावून दोन केलेली. खिडकीशी मशीन. हिनं मान वर करून पाहिलं आणि सुई उचलून ठेवली. मी पाकीट पुढे केलं. मुलीनं त्याला हात लावला नाही.

"कशाचे?"

"बाळासाठी. डोळ्याच्या..."

"ते झालं मे महिन्यात. आईच्या बांगड्यांवर. तेव्हा चार महिने उलटून गेले होते." ती शांत बोलत होती, तिला ते अनेकदा सांगून पाठ झालं असावं. "त्या डोळ्याला उजेड-अंधार कळतो. हात हलवला तर काहीतरी हललं एवढं कळतं. आणखी सुधारेल का, ते डॉक्टर सांगत नाहीत. तुमचे पैसे ठेवा. आता त्यांचं करण्यासारखं काही नाही."

मी हिच्याकडे वळलो. म्हणालो, "तू निदान मला अर्जावर तुझं नाव आहे असं..."

"नाव दिसलं तर तुम्ही नाही म्हणाल, म्हणून तर नावाशिवाय पाठवला," ही म्हणाली. "मला वाटलं, कुणाचं तरी बाळ आहे एवढंच दिसलं तर हो म्हणाल. बत्तीस वर्षं राहिले मी तुमच्याबरोबर. तेवढी खात्री होती मला."

मी पाकीट परत खिशात घातलं. 

पडद्यामागून बाळ रडायला लागलं. मुलगी आत गेली. मला आत बोलावलं नाही. ही दारापर्यंत आली. मी चप्पल घालेपर्यंत उभी राहिली. "जेवता का वेळेवर?" एवढं विचारलं. मी हो म्हणालो. ते खोटं.

११ सप्टेंबर, गुरुवार

मुलीची चिठ्ठी, न्हाव्याच्या हाती. त्याचं आणि जावयाचं येणं-जाणं आहे, हे मला माहीत नव्हतं. मला बरंच माहीत नव्हतं.

लिहिलंय: बाळाच्या चांगल्या डोळ्यावर रोज एक तास पट्टी लावावी लागते, म्हणजे दुसरा डोळा थोडं काम करायला शिकेल, शिकला तर. पट्टी लावली की तिला जवळजवळ काही दिसत नाही, ती घाबरते, ओरबाडून काढते. तेवढा वेळ कुणीतरी तिचे हात धरून सतत बोलत राहावं लागतं. आईचं शिवण त्यात अडतं. मंगळवारी आणि शुक्रवारी दहा ते पावणेअकरा यायचं असेल तर या. अकराला हे बेकरीतून येतात. ते घरात असताना नको. तुम्ही त्यांना दारातून परत पाठवलं होतं, ते तुम्हाला पाठवणार नाहीत, म्हणून मीच सांगते.

खाली सही नाही. अक्षर माझ्यासारखं आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

दहाला पाच कमी असताना जिन्यात उभा होतो. आत बोलावलं तेव्हा पट्टी लावून झाली होती. ही मशीनवर, मुलगी कामावर. बाळ सतरंजीवर बसलेलं, पाठीला उशी. गोरटेली, कपाळ आमच्या घराचं. डाव्या डोळ्यावर चौकोनी पट्टी. उजवा उघडा, माझ्या बाजूला, आणि मी त्यात नाही.

मी खाली बसलो. गुडघे वाजले. तिनं आवाजाकडे मान वळवली. मी तिचे हात धरले आणि मला काही सुचेना. लहान मुलांशी काय बोलतात? शेवटी शेर, अदपाव, छटाक अशी जुनी मापं म्हणत बसलो. ती ऐकत होती. पट्टीकडे हात गेला नाही.

पावणेअकराला ही म्हणाली, "निघा आता. पंधरा मिनिटांनी काढायची आहे."

२१ ऑक्टोबर, मंगळवार

आजचा बारावा दिवस. मापं संपली, आता दुकानदारांच्या गोष्टी सांगतो. पारड्याखालच्या मेणाची तिला आवडते असं दिसतं, तिथे ती पाय झाडते. जिन्यात माझं खोकणं ऐकलं की आधीपासूनच हात पुढे करते, असं ही म्हणाली. हे सांगताना ही क्षणभर हसली, मग मशीनकडे वळली. घरी कधी येशील, असं मी विचारलं नाही. तिनंही ते काढलं नाही.

निघताना मी म्हणालो, "एक दिवस पंधरा मिनिटं थांबू का? ते लवकर येणार नसतील तेव्हा."

हिनं सुईत दोरा ओवला. दोन वेळा चुकला. "तिला विचारते," म्हणाली. तिला म्हणजे मुलीला.

जिना उतरून गल्लीत आलो. समोरून जावई येत होता, केसांना पीठ लागलेलं, हातात पावाची पिशवी. मी बेकरीच्या भिंतीला लागून उभा राहिलो. तो शेजारून गेला. थांबला नाही, पण वाट द्यावी तसा थोडा अंग चोरून गेला.

वर खिडकी उघडी होती, अकरा वाजेपर्यंत मी खालीच थांबलो. पट्टी ओढून काढल्याचा आवाज इतक्या खाली येत नाही. बाळाचं रडणं आलं, आणि मग थांबलं. बाप दिसला असणार.

माझा आवाज तिला ओळखू येतो. तिनं मला अजून पाहिलेलं नाही.